ठोंब्या हलत नाही

पुढे संशोधकाचं बरंच नाव झालं. एका समारंभात त्याला चकचकीत ढाल मिळाली आणि ढाल देणाऱ्या पाहुण्यांनी माइकवरून विचारलं, "ही कल्पना आपल्याला सुचली कशी?" संशोधकाने चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "सूक्ष्म निरीक्षणातून." त्या क्षणी पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोला खोकल्याची अशी उबळ आली की शेजारच्या बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. खोकला येणं साहजिक होतं. ते निरीक्षण झालं तेव्हा ती तिथे हजर होती.

संशोधक ही पदवी त्याला कुठल्या विद्यापीठाने दिलेली नव्हती. ती इमारतीतल्या लोकांनी दिली होती, आणि देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मानपत्रात छापण्यासारखं नव्हतं. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायचा. घरी आला की मागच्या गॅलरीत शिरायचा, आणि तिथून करवतीचा, ठोकाठोकीचा आणि अधूनमधून "आई गं" असा आवाज यायचा. बायको शाळेत शिकवायची. दिवसभर चाळीस पोरं सांभाळून आल्यावर गॅलरीतल्या एकेचाळिसाव्याकडे लक्ष द्यायची तिची तयारी नसे.

पण या वेळची गोष्ट हौसेची नव्हती. या वेळी आत्याचा प्रश्न होता.

आत्या म्हणजे संशोधकाच्या वडिलांची बहीण. त्याची आई लवकर गेली, आणि तेव्हापासून आत्यानेच त्याला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शिकवलं आणि अखंड झापलं. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काठी धरून चार पावलं ती टाकायची, पण एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला ही कसरत तिला जमत नव्हती. संशोधक आणि त्याची बायको सकाळी घराबाहेर पडत ते संध्याकाळी उगवत. दिवसभर आत्या एकटी.

आत्याचा सख्खा मुलगा, म्हणजे संशोधकाचा आतेभाऊ, दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. महिन्यातले पंधरा दिवस त्याची बॅग भरलेलीच असायची. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं, "हे बघ, तिच्याजवळ दिवसभर कोणीतरी असेल तर माझी काही हरकत नाही. नसेल तर माझ्या घराजवळ एक संस्था आहे. नर्स आहे, बाग आहे, सगळं आहे. उद्या तिला काही झालं तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळणारसुद्धा नाही. मी येत्या रविवारी येतो आणि काय ते ठरवून टाकतो."

त्याचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. माणूस चुकत असला की भांडता तरी येतं.

जवळ बसायला बाई ठेवून पाहिली नव्हती असं नाही. पण आत्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडण्याच्या थोडा आधी सुरू व्हायचा. "अगं, पेला असा धरतात का? हात आहेत की फळ्या? आणि खिडकी उघडलीस ती कोणाला विचारून? बंद केलीस तरी कशाला?" पहिली बाई रडत गेली. दुसरी भांडून गेली. तिसरी मात्र शांतपणे गेली, पण ती जिना उतरून थेट देवळात गेली असं म्हणतात. आत्याच्या मनात कोणाबद्दल काही नसायचं. बोलणं ही तिची श्वास घ्यायची पद्धत होती, एवढंच. ती स्वयंपाकघरात भाजीशी बोलायची, न्हाणीघरातून घरच्यांशी बोलायची आणि दुपारी झोपली की असं घोरायची की वरच्या मजल्यावरचे लोक पंख्याचा मिस्त्री बोलवत.

"हिला असा मदतनीस हवा," बायको एकदा वैतागून म्हणाली, "ज्याला बोलणं लागतच नाही."

संशोधकाचे डोळे लकाकले. बायकोच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

यंत्राची रचना सोपी होती. खाली फिरत्या खुर्चीचा पाय, चाकांसकट. ती खुर्ची बायको पेपर तपासायला वापरायची, म्हणून ती पुढचे काही दिवस ओट्यावर पेपर ठेवून उभ्यानेच तपासत होती आणि त्या परीक्षेचा निकाल बराच खाली लागला. खुर्चीच्या पायावर मोटर, बॅटरी आणि वर एक ट्रे. जमिनीवर ओट्यापासून आत्याच्या खुर्चीपर्यंत काळी चिकटपट्टी, तिच्यावरून यंत्राने चालायचं. पुढच्या बाजूला रबर. ते कशाला टेकलं की यंत्र थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचे होते कान. आवाजावर चालणारा एक जुना स्विच त्याने भंगारवाल्याकडून आणला होता. हाक मारली की यंत्राने निघायचं, अशी योजना. स्विचवरची अक्षरं पुसून गेल्यामुळे दोन तारांतली कुठली कुठे लावायची ते समजत नव्हतं. संशोधकाने क्षणभर विचार केला आणि आत्मविश्वासाने लावून टाकल्या.

गॅलरीचं दार लावून त्याने पहिली चाचणी घेतली. बटण दाबलं, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ये."

आणि गप्प बसला. तो जात्याच मितभाषी होता. आत्याच्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरा पर्यायही नव्हता.

यंत्राने जरा दम घेतला, गुरगुर केली आणि पट्टीवरून सरळ चालत येऊन त्याच्या गुडघ्याला टेकलं. संशोधकाच्या डोळ्यांत पाणी आलं. काही गुडघ्यामुळे, पण बरंचसं आनंदामुळे. त्याने परत एकदा पाहिलं. "ये." गप्प. आलं! तिसऱ्यांदाही आलं. त्याने बटण बंद केलं आणि उद्या प्रात्यक्षिक ठेवायचं ठरवलं.

प्रात्यक्षिकाला घरची माणसं पुरेशी होती. पण समोरच्या दारातल्या काकूंना कळलं, आणि काकूंना कळलं म्हणजे इमारतीला कळलं. सोसायटीचे सेक्रेटरी आले. तिसऱ्या मजल्यावरचे वीज खात्यातून निवृत्त झालेले साहेब आले. ते कुठल्याही यंत्राकडे आरोपीकडे बघावं तसे बघायचे.

संशोधक सगळ्यांसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "ये."

"अर्थिंग दिलंय का?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरीवर आहे," संशोधक म्हणाला.

"म्हणजे दिलेलं नाही. तरीच."

"चेहरा नाही ना त्याला," काकू म्हणाल्या. "चेहरा नसेल तर कोण कसं ऐकेल? माझ्याकडे एक जुनं पातेलं आहे बघा."

"ते राहू दे हो," सेक्रेटरी म्हणाले. "मला आधी सांगा, हे नोंदवायचं कशात? घरात काम करणारी व्यक्ती असेल तर फोटो आणि ओळखपत्र लागेल. चाकं आहेत म्हणून वाहन धरलं तर पार्किंगची जागा दाखवावी लागेल. पाळीव म्हणायचं तर लस."

"यंत्राला लस?"

"नियम मी केलेले नाहीत."

"बाळ्या," खुर्चीतून आत्या गरजली. संशोधक शेहेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर केस मोजके उरले होते, पण आत्यासाठी तो बाळ्याच होता. "बाळ्या, पाणी येतंय की विहीर खणतोयस? माझा घसा कोरडा पडला इकडे. आणि ती काळी पट्टी कसली चिकटवलीस फरशीवर? पुसायची कोणी ती? आणि हा मेला नुसता ठोंब्यासारखा उभा काय राहिलाय?"

अशा रीतीने यंत्राचं बारसं झालं.

ठोंब्या हलला नाही. संशोधकाने 'ये' म्हटलं, 'ये रे' म्हटलं, शेवटी 'अहो या' म्हटलं. मंडळी सल्ले देत राहिली, आत्या बोलत राहिली आणि ठोंब्या सगळ्यांचं ऐकून घेत उभा राहिला. शेवटी काकूंनीच उठून आत्याला पाणी दिलं. मंडळी पांगली. सेक्रेटरींनी जाताना तात्पुरती सोय म्हणून ठोंब्याची नोंद 'पाहुणा' या सदरात करून टाकली. साहेबांनी संशोधकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "प्रयत्न चांगला होता." हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं आहे त्यालाच त्यातली धार माहीत.

त्याने ठोंब्याला ढकलत गॅलरीत नेलं, दार लावलं आणि अगदी पडलेल्या आवाजात म्हणाला, "ये."

ठोंब्या आला. गुडघ्याला टेकला.

पुढच्या दिवसांत संशोधकाच्या नाकी नऊ आले. बॅटरी बदलली, चाकांना तेल घातलं. काकूंच्या पातेल्याला दोन बटणांचे डोळे लावून ते वर बसवलं, तेही निमूटपणे. गॅलरीत ठोंब्या आज्ञाधारक, आणि आत्यासमोर आणला की दगड. ऑफिसात ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण तिथले वरिष्ठ नकाशा बघता बघता विचारू लागले, "काय, नोकराने पाणी दिलं का?" लिफ्टचा नकाशा काढताना त्याने दोनदा दाराची दिशा चुकवली. एका इमारतीतल्या लोकांना लिफ्टमधून थेट भिंतीत उतरावं लागलं असतं.

"तो तुम्हाला घाबरतो आत्या," बायको म्हणाली.

"मला कशाला घाबरेल? मी काय बोलते कोणाला?" आत्या म्हणाली, आणि मग कोणाकोणाला आपण काहीच बोलत नाही याची माहिती देत राहिली.

शनिवारी संध्याकाळी संशोधक गॅलरीत खाली बसला. हातात पाना होता, पण फिरवायला काही राहिलं नव्हतं. उद्या आतेभाऊ येणार, आत्या जाणार. लहानपणी ताप आला की ती उशाशी बसायची आणि तापालाच शिव्या द्यायची, तेव्हा त्याला फार सुरक्षित वाटायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बोलण्यात फट सापडली असती तर सांगितलं असतं. त्याला रडू येत होतं आणि नाकाला ग्रीस लागल्यामुळे ते नीट पुसताही येईना.

रविवारी आतेभाऊ आला. आल्या आल्या आत्याने त्याला घेतलं फैलावर. "किती रे वाळलास! शर्ट कोणी निवडला हा? बूट तिकडे काढ. तिकडे नाही, तिकडे!" संशोधकाने शेवटचा प्रयत्न म्हणून ठोंब्याला ओट्याजवळ पट्टीवर उभं केलं, ट्रेवर पाण्याचा पेला ठेवला, बटण दाबलं आणि "ये" म्हणाला. बाहेर आत्याचा तोफखाना सुरूच होता. ठोंब्या हलला नाही. संशोधकाने हात टेकले आणि बटण बंद करायचंही विसरून बाहेर येऊन बसला.

आतेभाऊ संस्थेबद्दल सांगू लागला. खोल्या हवेशीर आहेत. सोबतीला तिच्या वयाच्या बायका आहेत. नर्स रात्रंदिवस असते.

"नर्सला चहा करता येतो का? आणि त्या बायका कसल्या असतील कोण जाणे. खिडकीला गज आहेत ना? मागे एका ठिकाणी म्हणे..."

"आई," आतेभाऊ तिचा हात धरून म्हणाला. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता. "मी इतका वेळ मलाच काय वाटतं ते सांगतोय. तुला काय वाटतं? यायचं ना तुला?"

आत्याने तोंड उघडलं. आणि मिटलं.

ती खाली मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. आतेभाऊ उत्तराची वाट बघत होता. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या घरात इतकी शांतता घर बांधल्यापासून झाली नसेल. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे संशोधकाला त्या दिवशी प्रथम कळलं.

मग स्वयंपाकघरातून गुरगुर ऐकू आली.

दारातून आधी पातेलं दिसलं, मग बटणांचे डोळे, मग ट्रे. ठोंब्या उंबरठ्यावर जरा डगमगला, सावरला, टेबलाच्या कोपऱ्यावर पट्टीबरोबर वळला आणि चौघांच्या देखत चालत येऊन आत्याच्या खुर्चीला हलकेच टेकला. पेल्यातलं पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही.

आत्याने ठोंब्याकडे पाहिलं. पेला उचलला. सगळं पाणी प्यायली. पेला परत ठेवला आणि म्हणाली, "मला नाही जायचं."

"काय?" आतेभाऊ म्हणाला.

"नाही जायचं म्हटलं ना. मला इथेच राहायचंय, बाळ्याजवळ."

"मग आई, इतके दिवस फोनवर तासतास बोलतेस, एवढं एकच सांगायचं राहिलं होतं?"

"तू विचारलंस कधी? आज विचारलंस तर म्हटलं, खरं सांगावं की तुला सोयीचं सांगावं? त्याचाच विचार करत होते, तर हा मेला येऊन उभा!" आणि ती ठोंब्याकडे वळली. "इतके दिवस कुठे उलथला होतास रे? तेव्हा हाका मारमारून माझा जीव गेला!"

संशोधक भानावर आला. ठोंब्याला उचलून परत ओट्याजवळ नेलं आणि "ये" म्हणाला. पण आता सगळेच एकदम बोलत होते, आणि ठोंब्या पुन्हा ठोंब्या झाला होता.

बायको मात्र बोलत नव्हती. ती पट्टीकडे, ठोंब्याकडे, आत्याकडे बघत होती. मग तिने वर्गातल्या आवाजात फर्मावलं, "सगळे गप्प! एकदम गप्प!"

चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज तो. आत्यासुद्धा गप्प झाली. ठोंब्याने जरा दम घेतला आणि निघाला. तो अर्ध्यावर आल्यावर बायकोने आत्याला बोलायची खूण केली.

"काय बोलू? असं ठरवून मला कुठे बोलता येतं, मला आपलं..."

ठोंब्या जागच्या जागी थांबला.

"अहो," बायको नवऱ्याला म्हणाली, "तारा उलट्या लावल्यात तुम्ही. हा आवाजाने निघत नाही, आवाजाने थांबतो. शांत झालं की निघतो. तुम्ही एकदा 'ये' म्हणून गप्प बसता, म्हणून गॅलरीत यायचा. इथे गप्प बसतंय कोण?"

संशोधकाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याने तेल घातलं, बॅटऱ्या बदलल्या, पातेलं बसवलं, आणि चूक होती त्याच्याच हातच्या दोन तारांत. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "दोन मिनिटांत सरळ करतो."

"हात लावू नकोस!" आतेभाऊ ओरडला आणि त्याने संशोधकाचं मनगटच धरलं. "अरे, मला भीती कशाची आहे? ही बोलत असेल तोवर मला कसलीच काळजी नाही. बोलायची बंद झाली तर? पडली, चक्कर आली, तर हाक कोण मारणार? तेव्हाच तर कोणीतरी धावत यायला हवं. हा तेव्हाच येतोय!"

"वर्गात पण तसंच असतं," बायको म्हणाली. "गोंगाट असला की मी निवांत असते. शांत झाला की बघायला जाते, काय झालं म्हणून."

संशोधकाने स्क्रू ड्रायव्हर हळूच खिशात घातला. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले त्यांनाच पुढे 'सूक्ष्म निरीक्षण' म्हणण्यात आलं.

जेवणाची वेळ टळेपर्यंत दोघे भाऊ फरशीवर रांगत होते. पट्टीचं वेटोळं केलं, म्हणजे पेला उचलला की ठोंब्या आपोआप ओट्याकडे परत जाईल. पेला कोणी उचललाच नाही, तर समोरच्या काकूंच्या घरात घंटा वाजेल अशी जोडणी केली. काकूंनी ही जबाबदारी इतक्या आनंदाने घेतली की घंटा मधूनमधून उगीचच वाजली तरी चालेल, असं म्हणाल्या.

"पण ती झोपली म्हणजे?" आतेभावाला शंका आली. "झोपेत गप्पच असणार ना?"

संशोधकाने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"मी घोरत नाही," आत्या ठणकावून म्हणाली. मग जेवण झाल्यावर ती आडवी झाली, आणि थोड्याच वेळात खिडकीची तावदानं थरथरू लागली. आतेभाऊ दाराच्या फटीतून बराच वेळ बघत होता. ठोंब्या ओट्याजवळ निश्चिंत उभा होता. आतेभाऊ मागे वळला तेव्हा हसत होता आणि डोळे पुसत होता. संस्थेत फोन करून त्याने खोली नको असल्याचं कळवलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. जाताना आत्याने त्याला दारापासून जिन्याच्या वळणापर्यंत ऐकू येईल एवढ्या सूचना दिल्या. त्याने एकही तोडली नाही.

सोमवारी बायको नेहमीप्रमाणे आधी शाळेत गेली. संशोधकाने ट्रेवर पेला ठेवला, बटण दाबलं आणि डबा घेऊन दार ओढून घेतलं. आतून आत्याचा आवाज येत होता. "आणि तू रे, काय बघतोस बटणं वटारून? धूळ बसलीय डोक्यावर, पुसतं कोणी का तुला?" वर्षानुवर्षं हा आवाज कानावर पडला की त्याची पावलं भराभर पडायची. आज तो एकेक पायरी सावकाश उतरत होता.

खालच्या मजल्यावर पोचतो तोच आवाज बंद झाला.

संशोधक कठड्याला धरून थांबला. काहीच ऐकू येईना. एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तो कान देऊन उभा राहिला. वरच्या दारामागे बारीकशी गुरगुर सुरू झाली, जवळ जवळ येत गेली आणि थांबली. पाठोपाठ आत्या कडाडली, "अरे मेल्या, सुईत दोरा ओवत होते! जरा म्हणून गप्प बसायची सोय नाही या घरात!"

संशोधकाने केवढा तरी श्वास सोडला आणि हसत हसत ऑफिसला गेला.